‘बालसाहित्य’ लिहून भागत नाही: तालिकेत वय आणि काठिण्य वेगळं कसं नोंदवायचं

तक्रार

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या वाचनालयांच्या बालविभागात एक तक्रार हमखास सुरू होते. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, त्यामुळे ती पुरतेही बराच काळ. "मॅडम, पोरगी सातवीत आहे माझी, पण हे पुस्तक वाचताच नाही येऊन राह्यलं तिला." थोड्या वेळाने दुसरं कोणी येऊन नेमकं उलटं सांगतं: "हे तर चिल्ल्यापिल्ल्यांचं आहे, पोरगा हातच नाही लावून राह्यला." दोन्ही पुस्तकं ओपॅकवर, म्हणजे वाचनालयाच्या संगणकीय तालिकेत (पुस्तकसूचीत) शोधा. दोन्हींसमोर एकच शब्द: बालसाहित्य. कुठे कुठे तोही नसतो, वर्गांक ८९१.४६३, म्हणजे मराठी कथा-कादंबरी, एवढ्यावर वेळ मारून नेलेली असते.

मोठ्यांच्या विभागात हेच दुखणं निराळ्या वेषात येतं. अभ्यासिकेतला एमपीएससीचा विद्यार्थी ‘राज्यघटना’ असा शोध घेतो आणि शालेय पाठ्यपुस्तक, बी.ए.चं क्रमिक पुस्तक आणि वकिलांसाठीचं भाष्य अशी तिन्ही एकाखाली एक येतात. ज्ञानेश्वरी शोधून पाहा. नुसत्या ओव्यांची संहिता, सार्थ आवृत्ती, गद्य रूपांतर, मुलांसाठी सोपी करून सांगितलेली. ग्रंथनामं जवळपास सारखीच. कुठली आपल्या कामाची हे कपाटापाशी जाऊन चार प्रती उघडल्याशिवाय कळत नसेल, तर तालिका करण्याचे कष्ट घेतले कशाला?

तक्रार पुन्हा पुन्हा का येते

कारण आपण दोन प्रश्न एकाच रकान्यात कोंबतो. पुस्तक कोणासाठी लिहिलंय, हा एक प्रश्न. ते वाचायला किती अवघड आहे, हा दुसरा. बहुतेक वाचनालयं पहिल्याचं उत्तर लिहितात आणि त्यातच दुसऱ्याचंही आलं असं धरून चालतात.

पुण्यात कदाचित हे खपून जाईल, नागपुरात नाही. हे शहर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी इथे रस्त्यावर, दुकानात आणि अनेक घरांत रोजची आहे. त्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळा. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं अनिवार्य झालं, त्यामुळे घरी मराठी नसलेली मुलंही आता मराठी पुस्तकं मागायला येतात, आणि हे चांगलंच आहे. पण तेरा वर्षांच्या अशा मुलाची आवड तेरा वर्षांची असते आणि मराठी वाचन दुसरीचं. त्याला वाचता येईल म्हणून बदकाच्या पिल्लाची गोष्ट दिली तर तो पुन्हा फिरकत नाही. आवडेल म्हणून जाडजूड साहसकथा दिली तर तिसऱ्या पानावर अडकतो. त्याला हवं असतं मोठ्या मुलांच्या विषयाचं, पण सोप्या मराठीतलं पुस्तक. तशी पुस्तकं आपल्या कपाटात असतातही. ती शोधायची सोय नसते.

नवसाक्षर प्रौढांचं तेच. आणि एमपीएससीवाला पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं मागतो तेव्हा पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं, वाचणारा पंचविशीतला. त्या पुस्तकाच्या नोंदीत ‘प्रौढ’ असं करायचं नाही. लिहिलंय ते मुलांसाठीच. पण ‘बालसाहित्य’ म्हणून ते बालविभागात कोंडलं तर अभ्यासिकेतल्या मुलाला ते सापडणार नाही.

गंमत म्हणजे आपण ग्रंथनोंदींच्या ज्या मार्क २१ साच्यात (त्यात माहितीच्या प्रत्येक क्षेत्राला तीन-आकडी क्रमांक असतो) नोंदी करतो, त्यात ही फारकत केव्हाची केलेली आहे. आपण तो रकाना उघडतच नाही.

आधी तपासा: ००८ मधलं बाविसावं स्थान

वाचनालयासाठी कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर इथून सुरुवात करा. ००८ हे ४० अक्षरांचं क्षेत्र आहे, आणि पुस्तकांच्या नोंदीत त्याच्या २२व्या स्थानी वाचकवर्गाचा एक-अक्षरी संकेत असतो. मोजणी शून्यापासून आहे, म्हणून बोट ठेवून मोजलंत तर ते २३वं अक्षर. इथे पुष्कळ जण एका घराने चुकतात आणि शेजारच्या ‘साहित्याचं रूप’ या स्थानी जाऊन बसतात.

संकेत असे: ए म्हणजे शाळेआधीचं वय, बी म्हणजे साधारण सहा ते आठ वर्षं, सी नऊ ते तेरा, डी चौदा ते सतरा, ई प्रौढ, एफ विशिष्ट वाचकवर्ग, जी सर्वसाधारण, आणि जे म्हणजे ढोबळमानाने ‘मुलांसाठी’.

आता तुमच्या बालविभागातली कुठलीही नोंद उघडून पाहा. मला बहुतेक ठिकाणी तिथे उभी रेघ दिसते. उभी रेघ म्हणजे ‘इथे काही भरायचा प्रयत्नच केलेला नाही’. कोहात ००८ वर नुसतं क्लिक केलं की एक तयार ओळ आपोआप येऊन बसते, आणि त्या ओळीत वाचकवर्गाच्या जागी रेघच असते. त्याच ओळीत भाषा इंग्रजी आणि देश अमेरिका असंही असतं, बदललं नसेल तर. कादंबरीखाली ओपॅकवर ‘फिक्शन नाही’ अशा अर्थाची ओळ झळकते, तीही याच ओळीची कृपा: ३३व्या स्थानी शून्य.

भाषा आणि देशाचा बंदोबस्त एकदाच करून टाका. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये कॅटलॉगिंगखाली ००८ची डीफॉल्ट भाषा आणि डीफॉल्ट देश अशा दोन नोंदी आहेत. भाषेत मराठीचा तीन-अक्षरी संकेत एमएआर, देशात भारताचा आयआय. वाचकवर्गासाठी अशी एक कळ नाही, आणि नसावीच; तो पुस्तकागणिक बदलतो. ००८ समोरच्या छोट्या बटणावर क्लिक केलं की खिडकी उघडते, तिच्यात २२व्या स्थानाची यादी आहे. त्यातून निवडायचं आणि जतन करायचं.

हे केल्याचा फायदा लगेच दिसतो. ओपॅकच्या प्रगत शोधात ‘अधिक पर्याय’ उघडले की वाचकवर्गाची चाळणी येते. ती तिथे पहिल्यापासून होती. मागे काही भरलेलंच नव्हतं, म्हणून ती वापरणाऱ्याला शून्य पुस्तकं मिळायची, आणि सॉफ्टवेअर बिघडलंय अशी समजूत व्हायची.

जुन्या नोंदी शेकड्यांनी असतील तर एकेक उघडत बसू नका. अहवाल विभागात असा अहवाल लिहून घ्या की ज्या प्रतींचं ठिकाण बालविभाग आहे आणि ००८चं २३वं अक्षर उभी रेघ आहे, त्यांची यादी मिळेल. त्या नोंदी निर्यात करा, मार्कएडिट या मोफत साधनात ते एक अक्षर बदला आणि पुन्हा आयात करा. आयात करताना जुळणी कोहाच्या स्वतःच्या नोंद-क्रमांकावर लावा, नाहीतर प्रत्येक पुस्तकाची दुसरी नोंद तयार होईल. आधी मोजक्या नोंदींवर करून पाहा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर नकोच. या घाऊक कामात सरसकट ‘जे’ टाकलं तरी चालेल. बारीक विभागणी पुढे हळूहळू होईल.

खरं काम: ५२१

००८ एका अक्षराचं, म्हणून त्यात फक्त ‘कोणासाठी’ मावतं. काठिण्यासाठी ५२१. या क्षेत्राचा पहिला दर्शक (क्षेत्रक्रमांकापुढचा एक आकडा) सांगतो की मजकूर कशाबद्दल आहे: ० असेल तर वाचनाची इयत्ता, १ असेल तर कुठल्या वयाला आवडेल, २ असेल तर कुठल्या इयत्तेला आवडेल, ३ असेल तर वाचकाची काही विशेष गरज, ४ असेल तर गोडी वा प्रेरणेची पातळी. ८ असेल तर पुढे आपोआप कुठलंही लेबल लागत नाही. आणि हे क्षेत्र एका नोंदीत हवं तितक्यांदा घेता येतं. म्हणजे त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या कामाच्या पुस्तकाला दोन ५२१ द्यायचे. एकात दर्शक १ आणि मजकूर ‘११ ते १४ वर्षं’. दुसऱ्यात दर्शक ८ आणि मजकूर ‘वाचनटप्पा: २’.

दुसऱ्यात ० का नाही? शून्य लावलं की तिथे इयत्ता लिहावी लागते. इंग्रजीत शब्दांतली अक्षरं आणि वाक्यांची लांबी मोजून इयत्ता काढणारी सूत्रं आहेत, लेक्साइलसारखी मापं आहेत. मराठीला सगळीकडे चालेल असं तसलं माप नाही, आणि इंग्रजीची सूत्रं मराठीला लावणं म्हणजे निव्वळ आकडेमोड. म्हणून मी इयत्तेचा आव न आणता टप्पा लिहितो. ५२१च्या उपक्षेत्र बी मध्ये (क्षेत्राच्या पोटभागाला उपक्षेत्र म्हणतात) तो कोणी ठरवला हेही लिहायचं, म्हणजे आपल्या वाचनालयाचं नाव. दुसऱ्या वाचनालयाने नोंद उतरवून घेतली तर त्यांना कळलं पाहिजे की हे प्रकाशकाचं म्हणणं नाही.

अनुवादित पुस्तकांत एक सापळा आहे. इंग्रजी मूळ पुस्तकाची नोंद उतरवून त्यावर मराठी अनुवादाची नोंद केली की मूळचा ५२१ तसाच चिकटून येतो. तिसरीच्या अमेरिकन मुलाला जमणाऱ्या पुस्तकाचा मराठी अनुवाद तिसरीच्या नागपूरकराला जमेलच असं नाही. अनुवादकाने ‘तत्पश्चात’ आणि ‘किंकर्तव्यमूढ’ वापरले की संपलं. आवडीच्या वयाचा ५२१ ठेवा, वाचनाच्या इयत्तेचा काढून टाका.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागलेल्या पुस्तकांसाठी ५२६ हे वेगळं क्षेत्र आहे. ते ५२१ मध्ये घुसडू नका. अभ्यासक्रम बदलला की ५२६ पुसता येतो, पुस्तकाचं काठिण्य मात्र तेच राहतं.

ज्ञानेश्वरीच्या चार आवृत्त्यांचा गुंता इथेच सुटतो. संहितेला ‘जुन्या मराठीचा सराव असलेले वाचक’, सार्थ आवृत्तीला ‘सर्वसाधारण प्रौढ वाचक; ओवीखाली अर्थ’, मुलांच्या पुस्तकाला वय आणि टप्पा. एकेक ओळच, पण देवघेवीच्या टेबलावरचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

टप्पा ठरवायचा कसा

मराठीत सुरुवातीच्या वाचकाला शब्दांच्या लांबीपेक्षा अक्षरं जास्त अडवतात. आपण शाळेत शिकलो तो क्रमच घ्या: बिनकानामात्रेचे शब्द, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, आणि शेवटी जोडाक्षरं. ‘घरासमोरून’ हा लांबलचक शब्द पहिलीतलं मूल सुटा सुटा करत वाचून काढतं आणि ‘कर्त्या’ला अडखळतं.

त्यामुळे माझे टप्पे असे. पहिल्यात जोडाक्षर जवळजवळ नाही, टाइप मोठा, पानावर एक-दोन ओळी. ‘जोडाक्षरविरहित’ असं प्रकाशकाने छापलं असेल तर काम सोपं. दुसऱ्यात रोजची जोडाक्षरं चालतात, वाक्यं आखूड, गोष्ट सलग. तिसऱ्यात प्रकरणं, चित्रं तुरळक, एका वाक्यात दोन-तीन उपवाक्यं. चौथा म्हणजे सराईत वाचकाचं ललित आणि वैचारिक लेखन. पाचवा जुनी मराठी, शास्त्रीय परिभाषा, टीकाग्रंथ.

मधलं कुठलंही एक पान घ्यायचं, पहिलं नको, पहिलं पान प्रकाशक जपून करतात. त्यातली जोडाक्षरं आणि सर्वांत लांब वाक्य पाहायचं. जमल्यास त्या वयाच्या एखाद्या मुलाला ते पान मोठ्याने वाचायला द्यायचं. पाचेक शब्दांवर अडलं तर टप्पा एकाने वर. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशकाच्या पुस्तकांवर १ ते ४ अशी पातळी छापलेली असते, ती सुरुवातीला धरायला चांगली. मात्र ती शब्दसंख्येवरही बेतलेली आहे (पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६००, तिसरीत १५००), आणि मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटत असल्याने तीच गोष्ट मराठीत कमी शब्दांत मावते. शब्द कमी दिसले म्हणून पुस्तक सोपं धरू नका.

दोन गोष्टी इथे मुद्दाम पाहाव्या लागतात. एक म्हणजे जुनं शुद्धलेखन. जुन्या वाचनालयांत १९६२च्या नियमांआधी छापलेल्या प्रती भरपूर. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार पाहून आजचं मूल थबकतं आणि ते नाकातून वाचायला लागतं. तेच पुस्तक नव्या आवृत्तीत टप्पा ३, जुन्या प्रतीत ४. दोन आवृत्त्यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात, त्याचं हे आणखी एक कारण.

दुसरी, बोली. मालवणी संवादांची कादंबरी सावंतवाडीत सहज वाचली जाईल, इथे अर्धी डोक्यावरून जाते. उलट वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतले संवाद आपल्या वाचकाला ऐकायला ओळखीचे, पण छापलेले वाचायची सवय नसते. एकदा मोठ्याने वाचलं की गाडी सुटते. त्यामुळे बोलीसाठी टप्पा वाढवण्याऐवजी मी ५२१ मध्ये ‘संवाद मालवणीत’ एवढं लिहितो. दुसऱ्या शहरात ठरवलेला टप्पा डोळे मिटून घेऊ नका, ते याचसाठी.

वाचकाला दिसेल असं करा

५२१ चा मजकूर नोंदीच्या तपशिलात दिसतो, पण शोधाच्या निकालाशेजारी ज्या चाळण्या येतात त्यांत तो येत नाही. तिथे संग्रह येतो. म्हणून टप्पा दोन ठिकाणी ठेवायचा: नोंदीत ५२१, आणि प्रतीच्या ९५२ क्षेत्रात संग्रह-संकेत म्हणून. सीकोड या अधिकृत मूल्यांच्या (तयार पर्यायांच्या) यादीत पाच टप्पे घाला; मग घाऊक प्रत-बदलाच्या सोयीने एका कपाटाच्या प्रतींना एकदम टप्पा देता येतो. वयाचा विभाग ठिकाणाच्या रकान्यात: बाल, कुमार, प्रौढ. आता ‘ठिकाण कुमार, संग्रह टप्पा २’ अशी चाळणी दोन क्लिकांत लागते, आणि त्या तेरा वर्षांच्या मुलाचं कपाट तयार होतं.

दाखल नोंदवहीवरच काम चालत असेल तर शेऱ्याच्या रकान्यात ‘कु/२’ लिहा आणि तेच आतल्या पानावर दाखल शिक्क्याखाली पेन्सिलीने.

पुस्तकाच्या पाठीवर टप्प्याचा आकडा चिकटवावा का? माझं मत नाही. मित्रांसमोर ‘२’ असलेलं पुस्तक हातात घेणं मोठ्या मुलाला जड जातं, आणि मग ते तो घेतच नाही. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेचीही भूमिका अशीच आहे की वाचनपातळी पाठीवर लावू नये, मुलाची पातळी ही त्याची खासगी बाब आहे. पाठीवर विभागाचा रंग लावा, पुरे. तोही पारदर्शक टेपखाली, कारण मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत नुसता स्टिकर टिकत नाही.

तरीही पुन्हा बिघडलं तर

तीन जागा पाहा. नवीन नोंदींत ५२१ रिकामा दिसत असेल तर बालविभागासाठी वेगळा फ्रेमवर्क (नोंदीचा कोरा नमुना) करा आणि त्यात ५२१ चं उपक्षेत्र ए अनिवार्य ठेवा. भरल्याशिवाय नोंद जतनच होणार नाही. हाताने लिहिण्याऐवजी यादी जोडली तर ‘टप्पा २’, ‘टप्पा-दोन’, ‘लेव्हल २’ अशी खिचडी होत नाही. यादीत मूल्य म्हणूनच वाचकाला कळेल असा शब्द ठेवा, कारण काही ठिकाणी ओपॅकवर वर्णनाऐवजी मूल्य दिसतं.

भरलेले टप्पे अचानक गायब झाले असतील तर कोणीतरी बाहेरून नोंद आणून जुनीवर चढवलेली असते. झेड३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या वाचनालयाच्या तालिकेतून नोंद उतरवण्याच्या सोयीने आलेली नोंद आपली ५२१ पुसून टाकते. कोहाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत नोंदी एकमेकींवर चढवण्याचे नियम लिहिता येतात; त्यात ५२१ ला आयातीपासून संरक्षण द्या. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर नोंद चढवण्याऐवजी नवी आणून प्रती तिच्याखाली हलवायच्या आणि ५२१ हाताने उतरवायचा. कटकट आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आणि टप्पे सगळे भरलेले असूनही तक्रार येत असेल तर टप्पाच चुकलेला असू शकतो. परतीच्या टेबलावर एक वही ठेवा. पुस्तक ‘अवघड गेलं’ किंवा ‘फारच सोपं’ म्हणून परत आलं की दाखल क्रमांक आणि एक खूण, बस. वाचकाचं नाव लिहायचं नाही. एकाच क्रमांकापुढे दोन-तीन खुणा एका बाजूच्या दिसल्या की ५२१ आणि संग्रह-संकेत दोन्ही बदला. एकच बदललात तर चाळणी एक सांगेल आणि तपशील दुसरंच.